उंबरठ्यावरची परीक्षा



वाङ्मयाच्या व्यासपीठावर अभियांत्रिकीच्या परीक्षेचा इतिहास कशासाठी, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते साहजिक आहे. पण आपल्या बडोद्यातल्या, आणि इंदूर-ग्वाल्हेर-बेळगावकडच्याही, किती घरांतली मुले गेल्या पन्नास वर्षांत अभियांत्रिकीचे पुढचे शिक्षण घ्यायला अमेरिकेत गेली हे आठवून पाहा. मुलगा जातो, प्रवेश मिळालेला असतो, पेढे वाटून झालेले असतात. वर्ष-दीड वर्षाने तो कळवतो की 'क्वालिफायर' जवळ आली आहे. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, मग आता पुन्हा परीक्षा कसली, हे घरच्यांना उमगत नाही. आणि तो नापास झाला तर काय झाले हेही उमगत नाही. तो एम. एस. घेऊन बाहेर पडतो, नोकरीला लागतो आणि पीएच. डी.चा विषय घरात हळूहळू निघेनासा होतो. ज्या गोष्टीबद्दल घरात बोलता येत नाही तिचा इतिहास तरी माहीत असावा, म्हणून हा विषय मी निवडला.

ही परीक्षा म्हणजे नेमके काय, ते आधी सांगतो. प्रवेशपरीक्षा दाराबाहेर होते, प्रबंधाची परीक्षा काम पुरे झाल्यावर होते. पात्रता-परीक्षा या दोहोंच्या मध्ये उंबरठ्यावर होते. विद्यार्थी विभागात आलेला असतो, एक-दोन वर्षे शिकलेला असतो. पण प्रबंधाचे काम त्याच्या हाती सोपवायचे की नाही, हे ठरलेले नसते. बहुतेक ठिकाणी दोन संधी मिळतात. दुसरीही हुकली तर पीएच. डी.चा रस्ता तिथे बंद होतो. मुळातला हेतू दोन्ही बाजूंच्या भल्याचा आहे. गुरूची आणि शिष्याची पाच-सहा वर्षे खर्ची पडण्यापूर्वी शिष्य विचार कसा करतो हे समोरासमोर पाहून घ्यावे, एवढाच. हा हेतू प्रत्यक्षात किती काळ टिकला आणि किती वेळा दुसऱ्याच कामांखाली दबला, तेवढेच मला आज सांगायचे आहे.

विद्वानाची पात्रता तपासून मग त्याला पैसा द्यायचा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. सेनापती दाभाड्यांनी तळेगावला श्रावणातली दक्षिणा सुरू केली. १७३१ मध्ये आपल्या शेजारच्या डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले, आणि पुढे ती दक्षिणा पुण्यास पेशव्यांकडे गेली. देशभरातून ब्राह्मण येत. शास्त्री शास्त्र्यांना प्रश्न विचारत आणि ज्याची जशी विद्या तशी दक्षिणा ठरे. निदान कल्पना तशी होती. पुढे गर्दी वाढली, विद्येपेक्षा डोकी मोजली जाऊ लागली. आणि ब्राह्मणाखेरीज कोणी त्या मांडवात शिरू शकत नव्हता, हे विसरून त्या परीक्षेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. इंग्रजी अमलात १८२१ मध्ये याच निधीच्या एका भागातून पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागणी केली की दक्षिणेचा काही पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. ती ऐकून सनातनी मंडळी खवळली. मराठी ग्रंथकाराला सरकारी बक्षीस मिळण्याची सुरुवात या भांडणातून झाली, हे आपल्या परिषदेत सांगायलाच हवे. बडोद्यातही श्रावणमासातली दक्षिणा परीक्षा होती, आणि सयाजीरावांनी तिला नेमलेले विषय आणि नियम यांची शिस्त लावली. तोंडी तपासणीचे गुण आणि तिचे दोष असे आपल्याला घरबसल्या ठाऊक आहेत. आता ज्या देशांत अभियांत्रिकीची डॉक्टरेट जन्मली तिकडे वळू.

जर्मनीत विद्यापीठे जुनी होती. तिथे धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान यांत डॉक्टर होता येई. यंत्रे, पूल आणि वीज शिकवणारी 'टेक्निशे होखशूले' ही उच्च तंत्रशाळा वेगळी होती. तिचे प्राध्यापक विद्वान होते, प्रयोगशाळा उत्तम होत्या, पण विद्यापीठाच्या दृष्टीने ते सगळे कारागिरीत जमा होते. त्यांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार नव्हता. आदोल्फ स्लाबी आणि आलोइस रीडलर या शार्लोटेनबुर्गच्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे तगादा लावला. अखेर ऑक्टोबर १८९९ मध्ये, बर्लिनच्या तंत्रशाळेच्या शताब्दी समारंभाच्या निमित्ताने, कैसर दुसरा विल्हेल्म याने प्रशियातल्या तंत्रशाळांना तो अधिकार दिला. विद्यापीठांनी कडाडून विरोध केला होता आणि त्या विरोधाची खूण पदवीवर कायमची राहिली. जुन्या डॉक्टरांची पदवी लॅटिनमध्ये लिहिली जाई. या नव्या डॉक्टराने आपली पदवी जर्मन भाषेतच लिहायची, तीही मध्ये संयोगचिन्ह टाकून, 'डॉक्टर-इंगेनिअर' अशी. हेतू हा की दुरून पाहणाऱ्यालाही कळावे, हा आपल्यातला नव्हे. ज्यांना लॅटिन नाकारली गेली त्यांनी स्वभाषेतली पदवी अभिमानाने मिरवली आणि आजही ती तशीच लिहिली जाते. हा किस्सा मला फार आवडतो.

पण उंबरठ्याचे काय? जर्मनांनी तो आधीच्या पायरीवर ठेवला. नऊ वर्षांचे माध्यमिक शिक्षण आणि त्याची शेवटची परीक्षा, मग तंत्रशाळेतली अनेक वर्षे आणि 'डिप्लोम-इंगेनिअर' ही कस लावणारी पदवी. एवढे झालेल्या माणसाला प्रबंधाआधी पुन्हा तपासण्याची गरज त्यांना वाटली नाही. प्रबंध आणि शेवटची तोंडी परीक्षा, झाले. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकला डॉक्टरेटचा अधिकार १९०९च्या सुमारास मिळाला. म्हणून तिथेच शिकलेल्या आइन्स्टाइनला १९०५ मधली आपली डॉक्टरेट शेजारच्या झुरिक विद्यापीठाकडून घ्यावी लागली.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिथे येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिल्या तीन पीएच. डी. दिल्या. दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, जोसाया विलर्ड गिब्ज याला तिथे मिळालेली पदवी त्या देशातली अभियांत्रिकीतली पहिली पीएच. डी. म्हणून सांगितली जाते. प्रबंध होता दंतचक्रांच्या दातांच्या आकारावर. हाच गिब्ज पुढे ऊष्मागतिकीतला जगातला एक थोर शास्त्रज्ञ झाला. दात्यांवरचा तो प्रबंध मात्र छापला गेला १९४७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. त्या काळी एका विभागात विद्यार्थी किती? बोटांवर मोजण्याइतके. प्राध्यापक त्यांना रोज पाहत होते, त्यांच्याशी जेवत-बोलत होते. ज्याला रोज पाहतो त्याची पात्रता वेगळी तपासावी लागत नाही.

गर्दी वाढली तेव्हा उंबरठा लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतली महाविद्यालये शिक्षक नेमताना पीएच. डी. आहे का, हे विचारू लागली. १९०३ मध्ये विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने हार्वर्डच्या मासिकात या प्रथेवर एक खरमरीत लेख लिहिला आणि पीएच. डी.ला अष्टपाद जलचराची उपमा दिली. पदवी हवी म्हणून येणारे वाढले, तेव्हा कोणाला पुढे जाऊ द्यावे हे ठरवायला मधली परीक्षा हळूहळू रूढ झाली. सुरुवातीला ती सैल होती. व्हॅनेवर बुश याने १९१५ मध्ये एम. आय. टी.त नाव घातले आणि १९१६ मध्ये एम. आय. टी. व हार्वर्ड यांची संयुक्त डॉक्टरेट घेऊन तो बाहेर पडला. लग्न ठरलेले, खिशात पैसा नाही, म्हणून वर्षभरात संपवायचे त्याने ठरवले होते. मार्गदर्शक आर्थर केनेली याने काम आणखी वाढवायला सांगितले. विभागप्रमुख ड्यूगल्ड जॅक्सन याने विद्यार्थ्याची बाजू घेतली. आज असा विद्यार्थी सहा वर्षांचे वेळापत्रक हातात घेऊन बसला असता.

त्या काळच्या पात्रतेतली एक अट आपल्या परिषदेला जिव्हाळ्याची वाटेल. अभियांत्रिकीचा का असेना, डॉक्टर होणाऱ्याला दोन परभाषा वाचता आल्या पाहिजेत, बहुधा फ्रेंच आणि जर्मन. कारण व्यवहाराचे होते. महत्त्वाचे शोधनिबंध त्या भाषांत निघत आणि भाषांतराची वाट पाहायला वेळ नसे. क्लॉड शॅनन या माणसाने एम. ए.च्या बरोबरीच्या आपल्या प्रबंधात विजेच्या खटक्यांना तर्कशास्त्राचे गणित लावून दाखवले आणि आजच्या संगणकाचा पाया घातला. तोच शॅनन एम. आय. टी.त पीएच. डी. करताना भाषांच्या परीक्षेवर अडला. त्याने शिकवणी लावली, शब्दांच्या चिठ्ठ्या करून पाठांतर केले. फ्रेंच सुटली, जर्मनची परीक्षा त्याला दोनदा द्यावी लागली. १९४० मध्ये त्याची पीएच. डी. पुरी झाली. साठ आणि सत्तरच्या दशकांत बहुतेक अमेरिकी अभियांत्रिकी विभागांनी ही अट काढून टाकली. जगाचे संशोधन इंग्रजीत आले, मग जर्मन कशाला, असा हिशेब होता. हिशेब चूक नव्हता. तरीही अभियंत्याकडून आपल्या भाषेपलीकडचे वाचन मागणारी ती एकमेव परीक्षा होती, ती गेली आणि तिच्या जागी तसे काही आले नाही, ही नोंद मी करून ठेवतो.

तिच्या जागी आले ते गणित. दुसऱ्या महायुद्धात रडार आणि अणुशक्ती यांची मोठी कामे भौतिकशास्त्रज्ञांनी केली आणि अभियंते मागे पडले, अशी टोचणी अमेरिकी अभियांत्रिकी शिक्षकांना लागली. १९५५ च्या ग्रिंटर समितीच्या अहवालाने अभ्यासक्रम विज्ञान आणि गणिताच्या पायावर उभा करायला सांगितले. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला आणि सरकारी पैशाचा पूर आला. पदव्युत्तर विद्यार्थी शेकड्यांनी आले. याच पुरात पुढे आपली मुलेही गेली. आता प्राध्यापकाला विद्यार्थ्याचा चेहराही ओळखू येईना. पात्रता-परीक्षेचे आज आपल्याला माहीत असलेले कडक रूप या गर्दीतले आहे.

यातली सर्वांत गाजलेली परीक्षा स्टॅनफर्डच्या विद्युत अभियांत्रिकी विभागाची. अनेक वर्षे तिची रीत अशी होती: एका दिवसात दहा प्राध्यापक, दहा खोल्या, प्रत्येकाकडे दहा-बारा मिनिटे. विद्यार्थी खोलीत शिरतो, फळ्यापाशी उभा राहतो, प्रश्न येतो. वेळ संपली की दार उघडून पुढच्या खोलीकडे. प्रश्न बहुधा दिसायला अगदी साधा. नमुन्यादाखल अभियांत्रिकीत सर्वत्र विचारला जाणारा एक जुना प्रश्न घेऊ. एक कपॅसिटर विजेने भरलेला आहे, तसाच दुसरा रिकामा आहे. दोन्ही तारेने जोडले. वीज दोघांत सारखी वाटली जाते. आता ऊर्जेचा हिशेब करा. तो करताच दिसते की अर्धी ऊर्जा नाहीशी झाली. कुठे गेली? पाठ केलेला विद्यार्थी सांगतो, तारेत उष्णता होऊन गेली. बरोबर आहे. मग परीक्षक शांतपणे विचारतो, तारेला रोध अजिबात नाही असे धरा, आता? इथे पाठांतर संपते. एक जण गप्प होतो. एक जण म्हणतो, असे धरताच येत नाही. तिसरा म्हणतो, थांबा, रोध शून्य असला तरी तार हा एक फेरा आहे, म्हणजे विद्युतप्रवाह आंदोलत राहील, आणि आंदोलणारा प्रवाह लहरी बाहेर फेकतो. तो पूर्ण उत्तरापर्यंत पोचो न पोचो, परीक्षकाला हवे ते दिसलेले असते. दहा मिनिटांत, खडू हातात असताना, माणूस अडल्यावर काय करतो ते दिसते.

तोंडी परीक्षेची ही ताकद लेखी परीक्षेत येत नाही, असे माझे मत आहे. पण त्याच दहा मिनिटांत आणखी काय काय तपासले जाते? उच्चार, आत्मविश्वास, फळ्यापाशी उभे राहण्याची सवय. आपल्याकडून गेलेल्या विद्यार्थ्याने शाळेपासून एम. टेक.पर्यंत सारे काही कागदावर सिद्ध केलेले असते; शिक्षकासमोर मोठ्याने चुकण्याची त्याला कधी संधीच दिलेली नसते. आणि आपल्या घरांत वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारला की नेमके उत्तर द्यायचे किंवा गप्प बसायचे, ही रीत. 'मला नक्की सांगता येत नाही, पण असे असावे' हे वाक्य आपल्या संस्कारात उद्धटपणात मोडते. त्या खोलीत मात्र ते वाक्य उच्चारणाराच पास होतो. दक्षिणेच्या मांडवात जात आडवी येत होती. इथे ती येत नाही, पण परीक्षकाच्या मनातला नमुना येतो. दहा परीक्षक ठेवण्यामागचे शहाणपण हेच असावे, एकाचा पूर्वग्रह दुसऱ्याने फेडावा.

कालांतराने अमेरिकेत सूर बदलला. ज्याने वर्षभर उत्तम अभ्यासक्रम पुरे केले त्याला पुन्हा त्याच विषयांत का छळायचे, हा प्रश्न विद्यार्थी विचारू लागले आणि प्राध्यापकांनाही पटला. एम. आय. टी.च्या विद्युत व संगणक विभागात आता पात्रतेचे दोन भाग आहेत: नेमलेल्या विषयांतले गुण, आणि आपण केलेले छोटे संशोधन समितीपुढे मांडणे. स्टॅनफर्डमध्येही दहा खोल्यांची जुनी रीत बदलली. उंबरठा राहिला, पण विद्यार्थी काय जाणतो यापेक्षा त्याने काय केले याकडे डोळे वळले.

आपल्या देशात या परीक्षेचे नाते पहिल्यापासून नोकरीशी जडले. १८५४ मध्ये पुण्यास निघालेला अभियांत्रिकीचा वर्ग सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालची माणसे तयार करण्यासाठी होता. मुंबई विद्यापीठाची एल. सी. ई. ही पदवी आली तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला सरकारी नोकरी ठरलेली असे. १८८३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात सहायक अभियंता झाले. बडोद्यात १८९० मध्ये सयाजीरावांच्या पाठिंब्याने त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन काढले, त्यात हातांचे शिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह होता. तिथेही शिकणाऱ्याची नजर कामावर होती. संशोधनासाठी पात्रता हा प्रश्नच तेव्हा उभा नव्हता.

तो उभा राहिला खरगपूर, मुंबई, मद्रास, कानपूर, दिल्ली ही तंत्रविज्ञान संस्थाने निघाल्यावर. कानपूरला १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे नऊ अमेरिकी विद्यापीठांचे साहाय्य होते, एम. आय. टी. त्यांतलेच. पीएच. डी.च्या वाटेवर अभ्यासक्रम आणि समितीपुढची सर्वंकष परीक्षा ही रीत आपल्याकडे रुजली ती अशा संस्थांत. पण एम. टेक.साठी देशभरातून हजारो अर्ज येऊ लागले, प्रत्येक विद्यापीठाचे गुण वेगळ्या मापाचे. कोणाचे साठ टक्के कोणाच्या ऐंशीबरोबर? यावर तोडगा म्हणून ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात 'गेट' ही देशव्यापी परीक्षा आली. लहान गावातल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला तिने मोठ्या संस्थेचे दार उघडून दिले. त्याच्या महाविद्यालयाचे नाव तिथे कोणी विचारत नाही. हे श्रेय तिला द्यायलाच हवे, आणि लेखी परीक्षेची बाजू मी इथे पूर्ण मान्य करतो.

पुढे काय झाले ते पाहा. आरंभी तिच्यात दीर्घ उत्तरांचा भाग असे. विद्यार्थ्याने हिशेब कसा केला, कुठे अडला, हे तपासणाऱ्याला दिसत असे. २००३ पासून तो भाग गेला, सगळे प्रश्न पर्यायांचे झाले. २०१४ पासून कागदही गेला आणि सगळी परीक्षा संगणकावर आली. तीन तास, पासष्ट प्रश्न, शंभर गुण. २०१० नंतर सरकारी कंपन्या याच गुणांवर अभियंते भरती करू लागल्या. उच्च शिक्षणाची पात्रता तपासायला काढलेल्या परीक्षेला बसणाऱ्यांत मग उच्च शिक्षण नकोच असलेले अनेक जण आले, आणि त्यांना दोष कसा द्यावा? एम. टेक.च्या विद्यार्थ्याला दरमहा बारा हजार चारशे रुपये विद्यावेतन, कंपनीत त्याच गुणांवर त्याच्या कितीतरी पट पगार. १८८३ च्या पुण्यात परीक्षेच्या टोकाला नोकरी होती. शंभर-सव्वाशे वर्षांनी तिथेच येऊन पोचलो.

आणि पीएच. डी.च्या समितीपुढची परीक्षा? ती आहे. पण तिथे पोचणारा विद्यार्थी एव्हाना पर्याय खोडण्यात पटाईत झालेला असतो. समितीत कोणी खडू त्याच्या हातात देऊन सांगितले की तारेला रोध शून्य धरा, तर तो चार पर्याय शोधत फळ्याकडे पाहत राहतो. २०२१ पासून 'गेट'मध्ये एकाहून अधिक पर्याय बरोबर असलेले प्रश्न आले आहेत. त्यांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पण तीनपैकी दोन बरोबर पर्याय ओळखले, तर त्याचे अर्धेमुर्धे गुणही देत नाहीत.